बापूसाहेबांचा पहिला वर्ग

आगगाडीच्या पहिल्या वर्गाचं तिकीट काढून तिथल्या मऊ गादीला न टेकणारा मनुष्य अख्ख्या ठाण्यात एकच होता, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझ्या शेजारी राहत होता.

बापूसाहेब कचेरीतून शिरस्तेदार म्हणून पेन्शनीत निघालेले. माझी कारकुनी त्यांच्याच शब्दावर लागलेली. त्यामुळे महिन्यातल्या एका रविवारी ते "कल्याणला निघायचं ना?" म्हणाले, की मला नाही म्हणायची सोय नसे.

पहिल्या वर्गाच्या गाद्या कातड्याच्या. कातड्याला शिवायचं नाही. म्हणून घरून लाकडी पाट यायचा. गादीवर पाट, पाटावर सोवळ्याची धाबळी आणि धाबळीवर बापूसाहेब, सत्यनारायणाला बसल्यासारखे ताठ. पाट वाहायचं काम माझं. तो मांडून झाला की मी धावत मागे तिसऱ्या वर्गात जाऊन बसायचं.

एकदा मी म्हटलं, "बापूसाहेब, तिसऱ्या वर्गातले बाक लाकडीच असतात. तिथे पाट लागणारच नाही."

"पद्धत म्हणजे पद्धत," ते म्हणाले.

शिवाय खाडी. आमचे कोळी वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला, खाडीला नारळ वाहतात. बापूसाहेब पुलावरून जाताना दर खेपेला वाहत. "तिच्या अंगावरून जायचं आणि हात हलवत जायचं?" हे त्यांचं म्हणणं. एका खेपेला नारळ खिडकीच्या चौकटीला आपटून मागे आला आणि डुलक्या काढणाऱ्या एका गोऱ्या साहेबाच्या मांडीवर पडला. पुढच्या स्टेशनात मला बोलावणं आलं. साहेब लालबुंद, गार्ड दारात उभा आणि बापूसाहेब पाटावर शांत.

"याला नीट समजावून सांग," ते मला म्हणाले. "हा नारळ आता खाडीचा झाला. त्याने घरी नेऊ नये."

माझ्या कचेरीतल्या इंग्रजीत ते मी कसं सांगितलं, माझं मला ठाऊक. साहेबाने डबा बदलला.

कल्याणला उतरल्यावर ते एकटेच गावात जात. मी पाट सांभाळत स्टेशनाबाहेरच्या चिंचेखाली बसायचं. तासाभराने ते परत येत आणि परतीच्या वाटेवर चकार शब्द बोलत नसत. तिथे त्यांची धाकटी बहीण दिलेली आहे, एवढंच मला ऐकून माहीत होतं. दोन वर्षं माझे रविवार त्या चिंचेखाली गेले.

मग एका मार्गशीर्षात ते परत आले ते एका बाईंना घेऊन. अंगावर आलवण, पदर कपाळाखाली ओढलेला, काखेत लहानसं गाठोडं.

"ही यमू," बापूसाहेब म्हणाले. "नवव्या वर्षी हिचा नवरा गेला. तीस वर्षांत हिला माहेर दिसलेलं नाही. सासरचे म्हणायचे, आलवणातली बाई गाडीत चढली की लोक अपशकुन म्हणून तोंड फिरवतात, आमची शोभा होते. मी म्हटलं, पहिल्या वर्गाने नेतो, दार लावल्यावर बघतंय कोण? त्यांना पटेना. म्हणून दर महिन्याला मी पहिल्या वर्गानेच येऊन दाखवत होतो. आज चार दिवसांसाठी पाठवलंय."

त्या दिवशी त्यांनी मलाही आपल्याच डब्यात बसवलं.

आधी यमूताई मान खाली घालून होत्या. पारसिकचा बोगदा संपला तशी त्यांनी मान वर केली.

"दादा, ते पांढरं काय रे?"

"मीठ. ती मिठागरं."

"अगबाई. इतकी वर्षं आमटीत घालते, ते असं उन्हात पडलेलं असतं होय?"

ठाणं आलं. बाहेर बैलगाडी उभी होती, घरी काकूंनी, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नीने, पुरण घातलं होतं. मी दार उघडून उतरलो. यमूताई उठल्या नाहीत.

"ही गाडी पुढे कुठे जाते?"

"मुंबईला," बापूसाहेब म्हणाले.

"तिथे समुद्र आहे म्हणतात." एवढंच बोलून त्या गाठोडं उचलू लागल्या.

बापूसाहेबांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि खाली ठेवलं. मग मला म्हणाले, "घरी सांग, जेवायला थांबू नका."

"कारण काय सांगू?"

त्यांनी बराच विचार केला. "सांग, गाडी ठाण्याला थांबलीच नाही."

उन्हातून घरी जाऊन मी काकूंना शब्दशः तेच सांगितलं. त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"थांबली नाही, तर तू कसा उतरलास?"

काकूंनी पुरणाच्या पातेल्यावर झाकण घातलं.

"वन्संना खिडकीशी बसवलंय ना?" त्यांनी विचारलं.