सशांच्या शेडमधला चंद्र

बोटीवर घालायला एक कव्हर घ्यायचं, एवढंच ठरलं होतं. त्यात कुणाच्या डोक्याला टेंगूळ यायचं काही कारण नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी वेस्लीला त्याच्या सासऱ्यांनी, रूडींनी, बोलावून घेतलं आणि अंगणातल्या बोटीकडे हनुवटीने खूण केली. देवदाराच्या पातळ पट्ट्यांची ती वल्ह्यांची बोट त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी बांधली होती. आता त्यांचे खांदे वल्ह्यांना साथ देत नव्हते.

"हा हिवाळा तू सांभाळ," रूडी म्हणाले. "व्हार्निशचा शेवटचा हात कालच दिलाय. वसंतात अशीच्या अशी दिसली, तर तुझी. नाहीतर ग्लेनची."

ग्लेन हा रूडींचा मुलगा. त्याच्याकडे दोन मोटरबोटी होत्या. ही तिसरी दिवाणखान्यात उभी करून तिच्यात पुस्तकं मांडायची, असा त्याचा बेत होता.

वेस्लीला ती बोट हवी होती. चार माणसांत बसलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. पण त्या बोटीत बसून वल्ही पाण्यात सैल सोडली, की गप्प राहणं हा दोष उरत नसे. तलाव कुणाला काही विचारत नाही. (लग्नाची मागणीही त्याने त्याच बोटीत घातली होती. म्हणजे घातली आयलीने. याच्या हातातून फक्त एक वल्हं सुटून वाहत गेलं होतं.)

गावातल्या बोटी हिवाळ्यात जत्रेच्या मैदानावरच्या शेडमध्ये जातात. ऑगस्टमध्ये जिथे गायी, डुकरं आणि ससे बक्षिसासाठी मांडतात, तिथेच बर्फ पडायच्या आत बोटी दाटीवाटीने उभ्या करतात. वेस्लीच्या वाट्याला सशांची शेड आली. तिथे पावसाची भीती नाही, बर्फाची नाही. उरली धूळ, गवताचा भुसा, आणि छपराखालच्या चिमण्या. नवं व्हार्निश दिसलं की चिमण्यांना राहवत नाही.

म्हणून कव्हर. आयली आणि वेस्ली दुकानात गेले.

"बोट बाहेर ठेवणार की आत?" दुकानदाराने विचारलं.

"आत," वेस्ली म्हणाला.

"मग हे न्या. वादळात हलत नाही."

"आत वादळ..."

"येत नाही म्हणता? बरं. मापाने शिवून देऊ?" दुकानदाराने किंमत सांगितली. वेस्लीने आयलीकडे पाहिलं, आयलीने छताकडे.

"स्वस्तातलं?"

"हे निळं प्लास्टिक."

"नको. बाबा म्हणतात, प्लास्टिकखाली बोटीला घाम फुटतो. मग बुरशी धरते. सुती कापड पाहिजे, हवा खेळणारं," आयली म्हणाली.

"मग सुती घाला की!"

"तेच तर मागतोय."

"ते आम्ही ठेवत नाही."

बाहेर आल्यावर आयली म्हणाली, "घरातल्या जुन्या चादरी जोडून शिवते. विषय संपला."

खरोखर संपला असता. पण वाटेत चर्चच्या सभागृहात जुन्या सामानाची विक्री चालली होती, आणि आयली वेलचीचा पाव घ्यायला आत गेली. तिच्या मागून गेलेला वेस्ली एका कोपऱ्यात खिळून उभा राहिला. समोर मुलांच्या नाटकातला जुना पडदा लटकत होता. जाड सुती कापड, भिंतीएवढं. त्यावर तलाव. काठाने काळीहिरवी पाइनची झाडं, आणि वर मोठा, किंचित वाकडा चंद्र.

"हे नेऊन करणार काय?" विक्रीला बसलेल्या बर्निसबाईंनी विचारलं.

"बोटीवर घालणार," वेस्ली पुटपुटला.

"आतल्या बोटीवर? त्याला एवढा चंद्र कशाला, बाबा? चादर घाल की एखादी!"

"मी तेच म्हणते," मागून आयली.

 वेस्लीने पडदा सोडला नाही. शेवटी बर्निसबाईंनी पावाच्या पैशांतच तो देऊन टाकला. "पण रंगाची बाजू वर ठेव हं," त्या म्हणाल्या. "तो खडूसारखा आहे. हात लावला की हाताला येतो."

वेस्लीने मान डोलावली. तेव्हा त्याच्या मनात काहीही वावगं नव्हतं.

शेडमध्ये बोट लावल्यावर त्याने मधोमध एक आडवी काठी बांधली आणि पडदा तिच्यावरून तंबूसारखा सोडला. कापड काठीवरून घसरताना एकदा उलटं पडलं, आणि क्षणभर बोटीवर रात्र उतरली. तलाव आतल्या बाजूला, चंद्र बरोबर मधल्या बाकावर. वेस्ली बघत राहिला. मग इकडेतिकडे पाहून त्याने पडदा तसाच ठेवला आणि कडा बांधून टाकल्या. (आत बघायला कोण येणार आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. तो स्वतः येणार आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.)

राखणदार मार्व शेडला कुलूप लावतो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी उघडतो. ज्याने त्याने यावं, आपल्या बोटीत उंदरांनी घर केलं नाही ना ते बघावं आणि जावं. बाकीचे बघून जात. वेस्ली घोंगडी आणि कॉफीचा थर्मास घेऊन यायचा, कव्हरची कड उचलायचा आणि आत शिरायचा.

आत वेगळाच ऋतू असे. शेडच्या खिडकीतून आलेला उजेड कापडातून गाळून हिरवट निळा व्हायचा. बाहेर तलावावर हातभर जाडीचा बर्फ, माणसं त्यावर गाड्या चालवतायत. आणि इथे पाइनच्या सावलीत वेस्ली एकटा तरंगतोय. त्याच्या श्वासाची वाफ वर जाई आणि कापडावर गोठे. जानेवारीत तर चंद्रावर हिमाचे बारीक कण चमकू लागले. तो घोंगडी लपेटून मधल्या बाकावर पडायचा, हात कडेवरून खाली सोडायचा, आणि थोड्या वेळाने बोटांना पाणी लागल्यासारखं वाटायचं. लांब कुठेतरी एखादं बदक बोलायचं. (ते शेडचं बिजागर होतं.) त्या तलावावर तो आयलीशी तास न् तास गप्पा मारी. प्रत्यक्षात कधी न सुचलेली वाक्यं त्याला तिथे सहज सुचत.

घरी आल्यावर आयली विचारायची, "उंदीर होते का?"

"नव्हते."

"एवढा वेळ लागला?"

"नीट बघितलं."

मार्चचा पहिला रविवार उजाडला तो बर्फ वितळवत. पागोळ्या गळत होत्या, शेडमध्ये ओल आली होती. कव्हरखाली चंद्र सुजल्यासारखा दिसत होता. वेस्लीने कॉफी ओतली, आडवा झाला आणि डोळे मिटले. तेवढ्यात शेजारीच बोलणं ऐकू आलं.

"ही ना रे माझी?" आवाज रूडींचा होता.

"हीच," मार्व म्हणाला. "जावयाने काय कव्हर शोधलंय!"

कापड बोटांत चोळल्याचा आवाज झाला. "सुती आहे. जाड आहे. ग्लेनने प्लास्टिक घातलं असतं आणि वर स्वतःचं नाव छापलं असतं. हा पोरगा बोलत नाही, मला वाटायचं मठ्ठ आहे."

"नाही का?"

"नाही रे. जे बोलत नाहीत ते विचार करतात."

वेस्लीने घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली.

"उघडून बघायची?" मार्वने विचारलं.

"नको. एकदा तरी विश्वास टाकावा माणसाने. ग्लेनला आजच सांगतो, बोट वेस्लीची."

वेस्लीचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपणहून काहीतरी बोलावंसं वाटलं. "बाबा!" म्हणत तो ताडकन उठला. डोकं काठीवर आपटलं, काठी मोडली, आणि तलाव, पाइनची झाडं आणि चंद्र, सगळं ओलंचिंब त्याच्या अंगावर कोसळलं.

"मार्व! आत अस्वल आहे!"

"हिवाळ्यात शिरतात कधीकधी. मागे सरक, रूडी!"

"थांब. कॉफीचा वास येतोय."

"अस्वल कॉफी पितं?"

"आमच्याकडे एक आहे."

आतून "मी... मी..." एवढंच ऐकू येत होतं. सुटायला वेस्ली जितका धडपडत होता, तितका रंग पट्टीपट्टीवर चोळला जात होता. शेवटी मार्वने कडा सोडल्या. वेस्ली बाहेर आला तो कपाळापासून गळ्यापर्यंत हिरवा, कान निळे. रूडींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बोटीत वाकले.

थंडीत व्हार्निश पुरतं वाळलंच नव्हतं. आता ते वाळलं की रंग आतच राहणार होता. कडेकडेने झाडं फासली गेली होती, तळाला तलाव, आणि मधल्या बाकावर पुसट पण अख्खा चंद्र. रूडींनी अंगठ्याने घासून पाहिला. निघाला नाही.

"बाबा," वेस्ली म्हणाला. आणि बाहीने चंद्र पुसायला गेला. बाहीही हिरवीच होती.

 रूडी हळूच बोटीत चढून चंद्राच्या शेजारी बसले आणि थर्मासमध्ये उरलेली कॉफी प्यायले.  बोट किंचित हलली.

"ग्लेनला नाही द्यायची," कप खाली ठेवत रूडी म्हणाले. "याच्यात पुस्तकं बरी दिसणार नाहीत. पण तुलाही नाही. बोट आयलीची. तू तिला विचारून बसायचं."

आयलीने परवानगी दिली. हसता हसता तिला जेवढं बोलता आलं तेवढ्यात दिली. पुढच्या ऑक्टोबरात तिने खरोखरच जुन्या चादरी जोडून शिवल्या, आणि वेस्ली त्या खांद्यावर टाकून बोटीबरोबर शेडपाशी पोचला. दारावर मार्वने नवी पाटी ठोकली होती: 'बोटीत ठेवू नये: पेट्रोल, खाद्यपदार्थ, वेस्ली.'

गावातला हा असला विनोद वेस्लीने मुकाट गिळला असता. पण पाटीवरचं अक्षर आयलीचं होतं, म्हणून तो मोठ्याने हसला.