अण्णा सायकल ऐकतात

आमचे घरमालक खंडोजीराव सायकल आधी ऐकायचे, मग बघायचे.

अगदी खरोखर ऐकायचे हो! दुकानात शिरले की खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक चाकाच्या मधल्या नटावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, चाक गरकन फिरवायचं आणि डोळे मिटायचे. चाक थांबेपर्यंत दुकानात कुणी शिंकायचं नाही. मग डोळे उघडून म्हणायचे, "स्वल्प फरक आहे." संपलं! ती सायकल नापास.

मी तेव्हा नुकताच पुण्याहून बंगळूरला आलो होतो, एका कम्प्यूटर कंपनीत. मल्लेश्वरमला खंडोजीरावांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. त्यांचं घराणं इथे तीनशे वर्षांचं. मराठी बोलायचे, पण अशी की पहिले पंधरा दिवस मी नुसती मान डोलवत होतो. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. एका यंत्रांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. तयार नग हातात घ्यायचा आणि केसाएवढा फरक सापडला तरी लाल खडूनं फुली मारून परत पाठवायचा. निवृत्त झाले, पण सवय कुठली निवृत्त व्हायला? सांबारातलं मीठ, शेजारणीचा जावई, माझं इंग्रजी, सगळ्यात 'स्वल्प फरक' निघायचा.

आणि ही सायकल त्यांना स्वतःसाठी नकोच होती. त्यांची जुनी काळी सायकल होती की. हवी होती रुक्माक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला. मुली सासरी गेल्यावर, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, अक्कांनी यशवंतपूरच्या एका अगरबत्ती कारखान्यात पॅकिंगवर देखरेखीची नोकरी धरली होती. गेट साडेआठला बंद व्हायचं, आणि सकाळची बस इतकी भरून यायची की आमच्या स्टॉपवर थांबायचीच नाही. दोनदा बंद गेटवरून परत आल्या, तेव्हा साहेबांनी बजावलं की दसऱ्यापर्यंतची हजेरी बघू, मग कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवू. त्या संध्याकाळी अक्का चपला न काढताच म्हणाल्या, "मला सायकल घ्या. लग्नाआधी होसूरला चालवायची मी."

"सरी, घेऊ की," अण्णा म्हणाले. "पण घ्यायची तर उत्तमातली उत्तम."

झालं, तिथेच घोडं अडलं.

दर रविवारी अण्णा मला घेऊन शिवाजीनगरला, पुण्याच्या नव्हे, बंगळूरच्या, सायकलींच्या दुकानांत. तेव्हा गिअरवाल्या रंगीबेरंगी सायकलींची नवी टूम निघाली होती. दुकानदार कौतुकानं दाखवायचा आणि अण्णा विचारायचे, "चेनला कव्हर कुठे? आमच्या मंडळींनी साडी काय लुंगीसारखी वर बांधायची?" मागच्या चाकाला जाळी नाही, नापास. सीट टणक, नापास. एकदा मी म्हटलं, "अण्णा, एवढ्यात जुनी मोपेड येईल." तर म्हणे, "रस्त्यात बंद पडली की ढकलायला तू येणार का, रे?"

एका दुकानाचे मालक, म्हातारे चाचा, शेवटी वैतागले. "अण्णा, सैकल लेने आए कि डॉक्टरी करने?" अण्णा तेव्हा एका कोऱ्या करकरीत सायकलीला कान लावून बसले होते. शांतपणे म्हणाले, "उजव्या बाजूचा एक छर्रा फुटलाय." चाचा हसले, दुकानातली गिऱ्हाइकं हसली, खोटं कशाला सांगू, मीही हसलो. चाचांनी तावातावानं चाक खोललं, छर्रे तळहातावर ओतले. त्यातला एक बरोबर अर्धा होता! चाचांनी कानाच्या पाळ्यांना हात लावले. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या कंपनीत एक चूक शोधायला सहा माणसं आणि दोन आठवडे लागायचे. या माणसाला एक स्क्रूड्रायव्हर पुरला. त्या दिवसापासून मी या गृहस्थापुढे मनातल्या मनात हात जोडत आलोय.

गणपती येऊन गेले. आणि एका रविवारी चाचांनीच आतून एक सायकल काढली. उंच हँडल, चेन पूर्ण डब्यात, चाकाला जाळी, तीन गिअर, तेसुद्धा मागच्या चाकाच्या पोटात लपवलेले. अण्णांनी कान लावला. चाक फिरलं, थांबलं. पुन्हा फिरवलं. चाचांचा जीव टांगणीला. अण्णांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "फरक नाही." आयुष्यात हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. मला तर तिथल्या तिथे नारळ फोडावासा वाटला.

सायकल घरी आली आणि अण्णांनी व्हरांड्यात वर्तमानपत्रं पसरून ती पार सुटी केली! छर्रे वाटीत, वाटीत रॉकेल. आठ दिवस व्हरांडा म्हणजे कारखाना. मी म्हटलं, "अहो, पास झाली ना?"

"दुकानात झाली," ते मान वर न करता म्हणाले. "रस्त्यावर व्हायची आहे. तिथले लॉरीवाले बघितलेस तू?"

त्या आठवड्यात अक्कांना पुन्हा एकदा बंद गेट दिसलं. सोमवारी सकाळी त्यांनी पदर खोचला, डबा कॅरिअरला अडकवला आणि जोडून झालेली सायकल सरळ पायऱ्यांखाली उतरवली.

"अगं, घंटी ऐकायची राहिलीय!"

"मी रस्त्यात ऐकते," म्हणाल्या आणि निघाल्या. मी माडीवरून बघतच राहिलो. काय ताठ बसल्या होत्या!

पुढे एकही दिवस गेट चुकलं नाही. मात्र अण्णांची कुरकुर सुरू झाली. "चढ आला की उतरून चालते. हलका गिअर घेतच नाही. एवढं उत्तम मशीन!"

"तुम्हाला कसं कळलं?"

"चेनवरून कळतं," ते म्हणाले आणि उगाच खोकले.

पटलं मला. ज्याला फुटका छर्रा ऐकू येतो, त्याला चेनवरून चढही कळत असेल. मग एका सकाळी यशवंतपूरच्या रस्त्याला माझं काम निघालं. चढाच्या तोंडाशी अक्का उतरल्या आणि हळूहळू चालू लागल्या. पन्नास पावलं मागे, एका रिक्षाच्या आडोशानं, कानटोपी घातलेले अण्णा आपली काळी सायकल ढकलत होते. तोंडानं श्वास घेत होते. डोळे अक्कांच्या सायकलीच्या मागच्या चाकावर. मला त्यांनी पाहिलंच नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अक्का कायम झाल्या. मैसूरपाक घेऊन माडीवर आल्या. अंगाला चंदनाच्या अगरबत्तीचा वास येत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, गिअर आहेत की. मग चढाला उतरता कशाला?"

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"त्यांच्या सायकलला गिअर नाहीत रे. धाप लागते त्यांना. म्हणून दहा मिनिटं आधीच निघते मी."

"म्हणजे तुम्हाला माहितीये? मग सांगत का नाही त्यांना?"

"अय्यो, सांगू नकोस हं!" अक्कांनी माझा हातच धरला. "कळलं तर लाजून यायचे थांबतील. मग तेवढा रस्ता मी एकटीनं जाऊ का?"