शिरीषावरची बाई

एकतीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला कोणी फसवू शकलं नाही, हे काटेसाहेब इतक्या वेळा सांगत की त्यांच्या इमारतीतल्या लहान मुलांनासुद्धा ते पाठ झालं होतं. वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं कुठलं नाव पडणार? सगळी वसाहत त्यांना काटेसाहेब म्हणे. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांना दुकानात शिरायच्या आधी दिसायचा. दुकानदार त्यांना लांबून ओळखत आणि ओळखताच वजनं बदलत.

निवृत्त झाल्यावर बाजार सुटला आणि स्वयंपाकघर हाती लागलं. आणलेली भाजी घरच्या काट्यावर पुन्हा तोलायची, दुधाचं पातेलं पट्टीनं मोजायचं, गॅस दोन मिनिटं जास्त जळला हे घड्याळाकडे बोट दाखवून सांगायचं. बायको ऐकून घेई. चौतीस वर्षांत ती कमी बोलायला शिकली होती आणि गेल्या अकरा महिन्यांपासून तिनं शिवणाचा क्लास लावला होता. रोज दुपारी दोन ते चार, रविवारी सुट्टी. अकरा महिन्यांत तिनं उशीचा एक अभ्राही शिवून आणला नव्हता. पण दोन ग्रॅमची तूट पकडणाऱ्या काटेसाहेबांच्या नजरेत ही तूट काही आली नव्हती.

वसाहतीच्या मागच्या अंगाला पंपघर होतं आणि पंपघरामागे एक जुना शिरीष. त्या शिरीषावर एक बाई असते आणि ती भर दुपारी हसते, असा बोभाटा होता. पूर्वी ही गोष्ट मुलांना झाडावर चढू न देण्यापुरती होती. गेल्या वर्षभरात मात्र बाईनं खरोखरच हसायला सुरुवात केली. पंपवाला दोन ते चार तिकडे पाऊल टाकेना. झाड तोडायला आलेले दोघं जण करवत टाकून पळाले. ती करवत अजून वसाहतीच्या कार्यालयात कपाटामागे उभी होती.

वसाहतीच्या अध्यक्षांना झाडाच्या जागी गाड्या लावायच्या होत्या. भुताच्या झाडाला हात लावायला कोणी तयार होईना, तेव्हा त्यांनी बैठकीत काटेसाहेबांकडे पाहिलं.

"साहेब, तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं तपास करून लेखी दिलं, की भूत नाही, तर सोमवारी झाड पाडता येईल."

"एक आठवडा द्या," काटेसाहेब म्हणाले. "भूत असो की भुताचा बाप, माझ्यासमोर दांडी मारणारा अजून जन्माला यायचाय."

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

"कशाला नसत्या भानगडीत पडता?" ती म्हणाली. "ते झाड राहू दे ना. कुणाचं काय खातंय?"

"प्रश्न झाडाचा नाही, सत्याचा आहे."

"दुपारी झोपत का नाही तुम्ही जरा?"

एवढं बोलून तिनं चिमटा उचलला. तिच्या दृष्टीनं हे फार मोठं भाषण होतं, पण काटेसाहेब नव्या वहीवर रेघा ओढण्यात गुंतले होते.

तपास पद्धतशीर झाला. सोमवारी त्यांनी पंपवाल्याची साक्ष घेतली. मंगळवारी तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी काही पाहिलं नाही. पण पुरुषानं तिला पाहिलं तर त्याचे हात जन्मभर थरथरतात म्हणे. माझ्या मिस्टरांना मी तिकडे फिरकू देत नाही." ही माहिती त्यांनी कुठून मिळवली, हे विचारायचं काटेसाहेबांच्या लक्षात आलं नाही. बुधवारी आणि गुरुवारी त्यांनी जिन्याच्या खिडकीतून लांबूनच ऐकलं आणि वहीत नोंदी केल्या. हास्य पहिलं, दोन वाजून पस्तीस मिनिटं. हास्य दुसरं, तीन वाजून दहा मिनिटं. चारनंतर शांतता. आजवर रविवारी हास्य ऐकल्याची एकही साक्ष नाही. समासात त्यांनी लिहिलं, 'भूत वक्तशीर असून साप्ताहिक सुट्टी पाळते.'

शुक्रवारी ते आवाजाच्या मुळाशी जायला निघाले. दीड वाजताच कार्यालयातल्या किल्लीनं पंपघर उघडून आत घडीची खुर्ची टाकून बसले. हातात फोन, मांडीवर वही, दार किंचित उघडं. पावणेदोनला पंपवाला आला. त्याला दार उघडं दिसलं. आत डोकावण्याची छाती नव्हती आणि दार तसंच सोडण्याचीही सोय नव्हती, म्हणून त्यानं डोळे मिटून कडी ओढली, कुलूप घातलं आणि जो पळत सुटला तो थेट फाटकापाशी थांबला.

काटेसाहेबांनी आधी दार ढकललं. मग ठोठावलं. मग खर्जातला सरकारी आवाज लावला.

"दार उघडा! मी सेवानिवृत्त निरीक्षक बोलतोय! एका अधिकाऱ्याला कोंडणं हा गुन्हा आहे!"

कोणी आलं नाही. जाड भिंतींत फोनला रेंजही नव्हती. त्यांनी कायद्याची दोन कलमं आठवून ऐकवली. दोन्ही खोट्या वजनांबाबत होती, पण त्या घडीला तीच आठवली. पाण्याच्या नळावर घडीची खुर्ची आपटून पाहिली, तर खुर्चीचा पाय निखळला. संध्याकाळपर्यंत फाटकापाशी बातमी पक्की झाली होती, की आता भुतं दोन आहेत आणि दुसरं सरकारी नोकरीतलं आहे.

खुर्चीचा पाय निखळला तेवढ्यात भिंतीपलीकडून हसणं आलं. झरोका डोक्याच्या वर, त्यावर मळकट जाळी, दिसत होती ती फक्त शिरीषाची पानं. काटेसाहेब कलमं विसरले. त्यांनी हात उंच करून फोन जाळीला लावला. आधी दाबलेला हुंकार आला, मग नाकातून एक फुर्रकन आवाज, आणि मग घागर उपडी व्हावी तसं ते हसणं सांडलं. थांबायचं, श्वास घ्यायचं आणि पुन्हा सांडायचं. काटेसाहेबांना भीती वाटली नाही. उलट त्यांना वाटलं, आपण किती दिवसांत असं कुणाला हसताना ऐकलं नाही. ही बाब तपासाशी संबंधित नसल्यानं त्यांनी ती नोंदवली नाही.

चार वाजता कुलूप निघालं. दारात त्यांची बायको उभी, हातात किल्ली.

"पंपवाल्यानं सांगितलं, आतून कोणी ओरडतंय. त्याच्याकडून किल्ली घेतली."

"आणि तू घाबरली नाहीस?"

"आवाज ओळखीचा वाटला."

तिचे डोळे लाल होते, गाल ओले होते. बिचारी आपल्या काळजीनं रडली, असं काटेसाहेबांनी मनाशी टिपून ठेवलं. शिवणाचा क्लास पंपघरापर्यंत कसा आला, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

रविवारी बैठकीला अध्यक्षांचा दिवाणखाना भरला होता. पुढे पुरुष, मागे बायका. मास्तरीणबाई होत्या, आणि त्यांच्या शेजारी काटेसाहेबांची बायको. तिचा धाकटा भाऊ आदल्या दिवशी मुक्कामाला आला होता, तोही गंमत बघायला येऊन बसला.

काटेसाहेबांनी आलेख दाखवला, अंतरं सांगितली आणि शेवटी फोन ध्वनिक्षेपकाला जोडला. "आता प्रत्यक्ष पुरावा," ते म्हणाले.

हसणं दिवाणखान्यात सांडलं. मागच्या रांगेतल्या बायका एकदम आपापल्या पायांकडे बघू लागल्या.

"माझा निष्कर्ष," काटेसाहेबांनी चष्मा सारखा केला, "हे भूत नव्हे. ही जिवंत बाई आहे. वय अंदाजे पंचवीस. स्वभावानं मोकळी. संसाराची काळजी नसावी, म्हणजे बहुधा अविवाहित. बाहेरून येत असावी. तेव्हा..."

"अहो भावोजी!" मेहुणा खुर्चीतून उठलाच होता. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "ही तर आमची ताई! लग्नाआधी अगदी अश्शीच हसायची. आधी ते नाकातून फुर्र, आणि मग थांबायचं नाव नाही. आई ओरडायची तिला. किती वर्षांनी ऐकलं हो! कुठं मिळालं तुम्हाला हे?"

काटेसाहेबांनी मागे पाहिलं. बायको त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती खिडकीतून शिरीषाकडे बघत होती आणि मांडीवरची शिवणाची पिशवी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्या पिशवीतून कधी कात्रीचा आवाज आला नव्हता, हे काटेसाहेबांना तेव्हा आठवलं. मग अभ्रा आठवला. मग रविवारची सुट्टी आठवली. हिशेब असा एका दमात जुळला की त्यांचे कान तापले. त्यांना लाज वाटली. राग आला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

अध्यक्ष खुशीत होते. "वा! म्हणजे वहिनीच. सुटला प्रश्न. साहेब, एवढ्यावर लिहून द्या, भूत नाही. उद्या सकाळी माणसं बोलावतो."

त्यांनी कागद पुढे सरकवला. काटेसाहेबांनी पेन उघडलं. आयुष्यात त्यांनी खोटं वजन कधी पास केलं नव्हतं. मित्राचं नाही, सख्ख्या चुलत्याच्या दुकानाचंसुद्धा नाही.

"मेहुण्यांची गफलत होतेय," ते म्हणाले. "चौतीस वर्षं संसार केलाय मी. बायकोचा आवाज मी ओळखणार नाही? असं हसणं मी माझ्या घरात कधीही ऐकलेलं नाही."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि म्हणूनच ते इतकं ठाम निघालं. पुढच्या रांगेतल्या नवऱ्यांनी माना डोलावल्या. आपल्याला आपल्या बायकोचं हसणं ओळखता येईल की नाही, ही शंका चारचौघांत काढायला कोणीच तयार नव्हतं. मेहुणा काही बोलणार होता, पण मास्तरीणबाईंनी मागून त्याचा सदरा ओढला.

"पण आत्ताच तुम्ही म्हणालात, जिवंत बाई," अध्यक्ष म्हणाले.

"फेरतपासणी केली," काटेसाहेब म्हणाले आणि कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'भूत आहे. वृक्ष तोडू नये.' खाली सही केली, हुद्द्यासकट.

अध्यक्षांचा चेहरा पडला. बाहेर जाताना मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहवाल फार अभ्यासपूर्ण होता हो साहेब." आणि काटेसाहेबांचे हात थोडे थरथरले.

रात्रीची जेवणं झाल्यावर मेहुणा झोपला. बायको ओटा पुसत होती. काटेसाहेब दारात उभे राहिले. दुधाचं पातेलं समोर होतं, पट्टी हाताशी होती. त्यांनी पट्टी फळीवर ठेवून दिली.

"अगं, एक विचारू?"

"विचारा."

"शुक्रवारी एवढं कशाला हसत होतीस?"

तिनं फडकं पिळलं. सांगावं की नाही याचा थोडा विचार केला.

"तुम्ही आतून कलमं म्हणत होता ना," ती म्हणाली, "ती. आणि मग खुर्ची मोडल्याचा आवाज आला." एवढं बोलली आणि तिच्या नाकातून फुर्रकन आवाज आला. तिनं पटकन पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. भिंतीला टेकून ती हसत राहिली आणि काटेसाहेब घड्याळाकडे न बघता ऐकत राहिले.

सोमवारी दोन वाजता ती पिशवी घेऊन क्लासला गेली. काटेसाहेब दुसरी घडीची खुर्ची काखेत घेऊन फाटकापाशी पंपवाल्याकडे गेले, हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, की शुक्रवारी तो पंपघराला कुलूप साधारण किती वाजता लावतो.