जपाचे जादा ठोके

माणसाचं हृदय धडधडतं हा फार जुना समज आहे. त्याला अधिकृत मान्यता मात्र यंत्राकडूनच मिळते. पूर्वी डॉक्टर नाडी बघत. त्यात रोग्याचा हात हातात घ्यावा लागे, तोंडाकडे बघावं लागे, असे बरेच धोके होते. आता आमच्या भागातल्या एका दवाखान्यात ईसीजीचं नवं यंत्र आलंय. ते कागदावर रेघ काढतं, रेघेतली टोकं स्वतःच ओळखतं, स्वतःच मोजतं आणि खाली निकालही छापतं. (निकाल शंभर टक्के अचूक असतो, चुकतात ते रोगी.) डॉक्टर फक्त सही करतात. तेवढं अजून माणसाकडे ठेवलंय.

माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन या निकालावर अडलं होतं. पोथीतली अक्षरं मुंग्यांसारखी पळू लागलेली, आणि चातुर्मास तोंडावर. मनगटांना चिमटे लावून मी निजले. भीती वाटली की नाम घ्यावं, ही माहेरची शिकवण. अंगठा पेरांवर फिरवत घेतलं. निकाल आला: ठोके अनियमित, जादा ठोके पुष्कळ. ऑपरेशन स्थगित.

दुसऱ्यांदा ईसीजी काढला. आता भीती जास्त, म्हणून नामही जास्त. यंत्र कर्तव्यदक्ष, अंगठ्याची प्रत्येक हालचाल त्याने हृदयाच्या नावे जमा केली. आमचे हे पांढरेफटक पडले. सून तनया म्हणाली, "आई, मशीन बिल्कुल चुकत नाही. लाखो लोकांच्या ठोक्यांवर शिकवलंय त्याला."

"त्यात जप करणारं कुणीच नव्हतं का गं?" मी हळूच विचारलं.

तिसऱ्या खेपेला तिथल्या टेक्निशियन मुलीने कागद सोडून चुकून माझ्याकडे पाहिलं. "माताजी, उँगलियाँ क्यों हिला रही हैं?"

"जप कर रही हूँ, बेटा."

"दो मिनट भगवानजी को छुट्टी दे दीजिए ना!"

दिली. निकाल निर्दोष आला.

तिन्ही कागद फाईलला क्रमाने लागले आहेत, त्यामुळे शास्त्रीय निष्कर्ष उघड आहे: नामस्मरणाने हृदय बिघडतं, थांबवल्यास तत्काळ सुधारतं. मी वाद घातला नाही. (वाद घातल्यानेही ठोके वाढतात.)

ऑपरेशन छान झालं. आता पोथी दिसते, आणि लांबचंही लख्ख दिसतं. उदाहरणार्थ, हे वाचता वाचता तुम्ही मनगटावरच्या घड्याळात आपले ठोके बघून घेतलेत, ते. बहात्तर आले ना? मग काळजी नको. तुम्ही जिवंत आहात.