सोपानतात्यांचं एम. ए.

आमच्या शेळगावात पंगतीला सोपानतात्यांच्या शेजारी बसायला कोणी धजत नाही. तात्या जेवता जेवता पंगतीचा उलगडा करत बसतात. "जिलबी व्याह्यांच्या रांगेत दोनदा फिरली, हे राजकारण. आपल्या मठ्ठ्यात पाणी जास्त, हे अर्थकारण. आन् आचारी नवऱ्याचा मेव्हणा हाय, हा धंदा." तोवर त्यांचा भात गार झालेला असतो आणि शेजाऱ्याच्या घशात घास अडकलेला.

हे वेड त्यांना साठी उलटल्यावर लागलं. बारामतीच्या एका कॉलेजात राजकारण, अर्थशास्त्र आणि व्यवसाय असं तिन्ही एकत्र शिकवणारं एम. ए. आहे. मी तिथं नाव घातलं. पहिल्या दिवशी एस.टी.त चढले, तर खिडकीशी तात्या! डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर कोरी करकरीत सॅक.

"तात्या, बारामतीला काय काम काढलंत?"

"काम न्हाय, कॉलेज. तुझ्याच वर्गात हाय मी, तबू. जुना का असंना, बी. ए. हाय म्हटलं!"

आम्ही वर्गात शिरलो तसा सगळा वर्ग उठून उभा राहिला. पोरांना वाटलं, हेच सर. तात्याही हात वर करून म्हणाले, "बसा, बसा," आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

सोसायटीच्या सभांना जन्मभर बसलेला माणूस. दुपारच्या तासाला त्यांचा डोळा लागायचा. एकदा सर म्हणाले, "मग उद्याच चाचणी घेऊ या का?" तात्या दचकून जागे झाले आणि हात उंचावून ओरडले, "मंजूर! मंजूर!" सर हसले, पण चाचणी झालीच. पोरं आठवडाभर तात्यांशी बोलली नाहीत.

तास सुटायला संध्याकाळ व्हायची. आमच्या थांब्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस, आणि त्या वर्षी बिबट्याची चर्चा घरोघरी. तात्या काठी आपटत पुढं चालायचे आणि दिवसभर शिकवलेलं मोठमोठ्यानं म्हणायचे. "चलनवाढ म्हंजे काय? तबू, मोठ्यानं सांग. बिबट्याला अर्थशास्त्र सोसत न्हाय!" हसत हसत मी घरी पोचायची आणि धडा पाठ झालेला असायचा.

दुसऱ्या वर्षी मला कॉलेजच्या वसतिगृहात खोली मिळाली. त्याच आठवड्यात तात्यांचा बाक रिकामा झाला. आजारी असतील म्हणून वाट पाहिली. रविवारी घरी गेले तेव्हा अब्बांना विचारलं. अब्बा आमच्या पंप-मोटारींच्या दुकानात पाइप मोजत होते. ते थांबले.

"तुला सांगू नको म्हणाले होते," ते म्हणाले. "तुला बारामतीला धाडायचं न्हाय, असंच ठरलं होतं माझं. अंधारात एकटी पोर उसातनं कशी येणार? तात्या विहिरीवरची मोटार दुरुस्तीला घेऊन आले होते. सगळं ऐकून घेतलं आन् म्हणाले, 'मग मीच नाव घालतो की. माझ्यासंगं येईल जाईल.'"

मी तशीच तात्यांच्या घरी गेले. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात. तात्या ओसरीवर एकटेच बसले होते.

"आता तुझी सोय झाली," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचं काय काम तितं?"

"म्हणजे तुम्हाला आवडत नव्हतं?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आवडायचं गं. हजेरीला नाव घेऊन हाक मारतात तितं. गावात मी सगळ्यांचा तात्या. सोपान म्हणणारी आई गेली, थोरला भाऊ गेला. दिवसाकाठी एकदा कुणी नावानं हाक मारली की बरं वाटायचं."

मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी पाय मागं घेतले. "परीक्षा जवळ आलीय," मी म्हणाले. "मला एकटीला न्हाय जमायचं तात्या."

सोमवारी सरांनी हजेरी घेतली. 'सोपान' म्हटल्यावर त्यांनी सवयीनं पुढच्या नावाकडं बोट नेलं होतं. तेवढ्यात दारातनं धापा टाकत आवाज आला,

"हजर हाय, सर!"

सगळा वर्ग उठून उभा राहिला.