एक्केचाळीस मार्कांचा चहा

माणसाची काळजी किती घेतली जाते, हे त्या माणसाला विचारून कधीच कळत नाही. त्यासाठी रजिस्टर लागतं.

कामोठ्यातल्या ‘निवांत मानसिक आरोग्य निवास’ या संस्थेत अठ्ठावीस रहिवासी आणि एकतीस रजिस्टरं होती. म्हणजे प्रत्येक माणसामागे एक रजिस्टर, वर तीन शिल्लक (पाहुणे आले तर). झोपेचं रजिस्टर वेगळं, जागेपणाचं वेगळं. हसण्याचं एक होतं, त्यात दोन रकाने: ‘आपणहून’ आणि ‘सांगितल्यावर’. गेल्या वर्षी सांगितल्यावर हसणाऱ्यांमध्ये चौतीस टक्के वाढ झाली, म्हणून संस्थेचा सत्कारही झाला होता. सत्कारात सगळे हसले. नोंद दुसऱ्या रकान्यात झाली.

अशा उत्तम चाललेल्या संस्थेच्या गुणवत्ता समितीवर मालतीबाईंची नेमणूक झाली, ‘बाहेरचा समतोल माणूस’ या जागेवर. नियमच होता तसा. मालतीबाई सीवूड्सच्या, वय एकाहत्तर, आणि समतोल किती, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन्ही बाजूंशी भांडायच्या. फॉर्ममध्ये ‘अनुभव’ या ओळीपुढे त्यांनी लिहिलं, ‘स्वयंपाकघर, ४९ वर्षं, सलग.’ त्या एकोणपन्नास वर्षांत चार कुकर, एक खिडकीचा पडदा आणि दुधाचे किती लिटर कामी आले, ते लिहायला ओळच नव्हती. त्यात त्यांची काय चूक?

समितीत आणखी दोघं. मॅनेजर आशुतोष सर, ज्यांना फाईल उघडल्याचा आवाज आला की बरं वाटायचं. आणि अध्यक्ष धर्मराजशेठ. त्यांच्या बापजाद्यांच्या भाताच्या शेतावरच ही बिल्डिंग उभी होती, त्यामुळे त्यांना अध्यक्ष न करणं कोणाला जमलं नव्हतं.

पहिल्याच मीटिंगला समोर एक अर्ज आला. अर्ज नंदिनीचा. सदतीस वर्षांची, पूर्वी द्रोणागिरीच्या गोदामात मालाची जुळवाजुळव बघायची. मग आजारी पडली, इथे आली, औषधं लागू पडली, चार वर्षं झाली. अर्जात एकच वाक्य होतं. ‘मला माझा चहा माझ्या हातानं करून प्यायचा आहे.’

या वाक्याला चौदा महिने झाले होते. सुरक्षेसाठी तिथला चहा कोमट मिळायचा, सगळ्यांना सारखा गोड, दुपारी चारला थर्मासमधून. रहिवाशांनी गॅसजवळ जायचं नाही. चार वर्षांत कोणाचं बोट भाजलं नव्हतं, याचंही रजिस्टर होतं, आणि ते पूर्ण कोरं असल्यामुळे संस्थेचं सगळ्यात लाडकं होतं.

“परीक्षा घेऊ,” आशुतोष सर म्हणाले. “शंभर मार्कांची. पेटवणं, मापं, लक्ष, गाळणं, बंद करणं, सांडलेलं पुसणं.”

“आन पास कितीला करायचं?” धर्मराजशेठ.

“नॉर्मल माणसाला जेवढे पडतात तेवढ्याला, शेठ. दहा मार्क इकडे-तिकडे.”

नॉर्मल माणूस कुठून आणायचा यावर वीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी समिती आपल्यातच बघून थांबली. समितीनंच आधी चहा करायचा, तिघांची सरासरी काढायची, ती नॉर्मल धरायची. इतकी सरळ गोष्ट चौदा महिने कोणाला कशी सुचली नाही, याचं मालतीबाईंना नवल वाटलं.

परीक्षा तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात झाली. पुतळा नावाची स्वयंपाकीण दाराशी उभी राहिली. गावातलीच होती ती. हात कमरेवर, तोंड बंद, पण डोळे अजिबात बंद नाहीत.

आशुतोष सरांनी लायटर सत्तावीस वेळा दाबला. गॅस पेटेना. त्यांनी फोनवर व्हिडिओ लावला, तो संपेपर्यंत जाहिराती बघितल्या, आणि लायटर खराब असल्याचा अहवाल लिहिला.

“सर, खालचा सिलिंडरचा बटन चालू नाय केला तुमी,” पुतळा म्हणाली.

“ते प्रश्नपत्रिकेत नव्हतं.”

मार्क एकतीस.

धर्मराजशेठ ओट्यासमोर उभे राहिले, ओट्याला नमस्कार केला आणि घरी फोन लावला. “सुचिता, चा पाठव गो. तीन कप.” बाराव्या मिनिटाला चहा आला, फक्कड. न पेटवता, न सांडता चहा तयार झाला, हे नाकारायचं कसं? मार्क पन्नास.

मालतीबाई मात्र पदर खोचून पुढे झाल्या. आलं ठेचलं, दूध चढवलं, आणि फोन वाजला. सोसायटीच्या टाकीत कबूतर पडलं होतं. आता कबूतर कोणाच्या विंगमधून आलं हे मालतीबाईंशिवाय कोण सांगणार? त्या सांगत होत्या, तेवढ्यात पाठीमागे पुतळा हळूच म्हणाली, “बाई, दूध चाललाय.”

“कुठे?”

“खाली.”

दूध ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून आशुतोष सरांच्या फाईलखाली गेलं. ‘दूध उतू जाणं शुभ असतं, त्याचे मार्क कुठायत?’ असं मालतीबाईंनी विचारून बघितलं. मार्क बेचाळीस.

सरासरी आली एक्केचाळीस. नॉर्मल ठरलं.

मग नंदिनी आली. तिनं आधी खालचं बटण बघितलं. खिडकी उघडली. कपानं पाणी मोजलं, दूध वर येताच आच कमी केली, चहा गाळला, बर्नर बंद, खालचं बटण बंद. ओट्यावर थेंब नाही. त्यामुळे ‘सांडलेलं पुसणं’ या कलमाचे दोन मार्क नियमानं देताच आले नाहीत. मार्क अठ्ठ्याण्णव.

आशुतोष सरांचा चेहरा गंभीर झाला. “नॉर्मलपासून सत्तावन्न मार्कांचं अंतर. दहापेक्षा जास्त चालत नाही.”

“म्हणजे नापास?” नंदिनीनं विचारलं.

“नापास नाही म्हणत. नॉर्मल नाही म्हणतोय.”

नंदिनीनं जरा विचार केला. “मग मी किती दूध सांडू, सर? एक्केचाळीसला यायला?”

सरांनी खरोखरच नियमावली उघडली. त्यात सांडण्याचं प्रमाण दिलेलं नव्हतं.

नामंजुरीचा कागद सह्यांसाठी फिरला. शेठनी केली. मालतीबाईंच्या हातात पेन आलं, आणि खरं सांगायचं तर त्या सही करणारच होत्या. का? कारण त्यांची सून सोनल महिनाभर मागे लागली होती, “आई, तुमी आता गॅसला हात नका लावू.” आणि इथे एका अधिकृत कागदावर, शिक्क्यासकट, नॉर्मल एक्केचाळीस आणि मालतीबाई बेचाळीस. एक मार्क वर. कागद फ्रेम करून फ्रिजवर लावायचा, असंही त्यांनी ठरवून टाकलं. एका पोरीचा चहा गेला तर गेला.

नंदिनीनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. वाफ येत होती. “काकू, सह्या झाल्या की माझा कप परत थर्मासचा. म्हणून आज दोन केले, एक तुम्हाला.” मग सहज म्हणाली, “घरचा गॅस बंद करून आलात ना?”

मालतीबाईंना कुकर आठवला. त्यातली चवळी आठवली. शिट्ट्या आठवेनात. त्यांनी सोनलला फोन लावला.

“केला बंद, आई. तुमी निघालात की मी बघते.”

“आज बरं बघितलंस.”

“आज नाही हो. रोजच.”

रोज. आणि त्याचं कुठे रजिस्टर नाही, रकाना नाही, सूनबाईनं कधी सहीसुद्धा मागितली नाही. मालतीबाईंनी चहाचा घोट घेतला. जीभ भाजली. चार वर्षांत या इमारतीत भाजलेला तो पहिला अवयव.

त्यांनी पेन ठेवलं नाही, पण सहीही केली नाही. कागद उलटा करून मागे लिहिलं: ‘तीन माणसांवरून नॉर्मल ठरवणं अपुरं. पाचशे तपासावीत. तोवर परीक्षक म्हणून सर्वाधिक मार्कांच्या व्यक्तीस नेमावं. परीक्षकानं रोज स्वतः चहा करून प्यावा, म्हणजे हात चालू राहतो. भाजल्याच्या रजिस्टरात माझी जीभ लिहावी.’

नवीन पाचशे पानांचं रजिस्टर उघडायचं म्हटल्यावर आशुतोष सरांचे डोळे पाणावले. हसूही आलं, आणि ते चक्क पहिल्या रकान्यातलं. स्वयंपाकघराची किल्ली नंदिनीला मिळाली. पुतळानं तिला ओट्यावर जागा करून दिली आणि एवढंच म्हणाली, “ये बाय. या घरात कोनतरी शानं पायजेच होतं.”

पाचशे नावांची यादी मालतीबाईंनी स्वतः केली. बाहेरची, समतोल, शहाणीसुरती माणसं हवी होती, म्हणून वाचणाऱ्यांपासून सुरुवात केली. तुमचंही नाव आहे त्यात. वाचायला बसताना आत गॅसवर काहीतरी ठेवलं होतंत आणि आत्ता उठून बघायला गेलात, तर लक्षाचे मार्क गेले. बसूनच राहिलात, तर दोन जोडी कपडे बरोबर घेऊन या. तिसऱ्या मजल्यावर एक खाट रिकामी आहे, खिडकी खाडीच्या बाजूला, आणि काळजी उत्तम घेतात. नंदिनी चहा देईल. कडक. पण गॅसजवळ मात्र तिला विचारल्याशिवाय जायचं नाही.