तलावाला सर्वांचा पाठिंबा

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सपासून गाडीने थोडं पुढे गेलं की विलोमीअर नावाची वसाहत लागते. तिच्या मधोमध एक तलाव आहे. गेल्या जूनमध्ये हा तलाव हिरवा झाला, जुलैत त्याला वास सुटला आणि ऑगस्टमध्ये काठाच्या पायवाटेवर कौन्सिलने पिवळं कुंपण घालून पाटी लावली : ‘पाण्याला हात लावू नये. कुत्र्यांना जवळ नेऊ नये.’ माणसांबद्दल पाटीला काहीच म्हणायचं नव्हतं.

याचा सर्वांत जास्त त्रास सिंधुबाईंना झाला. त्या नागपूरहून मुलाकडे, इंद्रजितकडे, काही महिन्यांसाठी आल्या होत्या. रोज सकाळी तलावाकाठच्या बाकावर त्या आणि शेजारची मॉरीन तासभर गप्पा मारत. सिंधुबाईंना इंग्रजी येत नव्हतं, मॉरीनला मराठी. त्यामुळे मतभेदाला जागाच नव्हती. मॉरीनचा नवरा वारल्यापासून ती एवढं कोणाशीच बोलली नव्हती, असं तिची मुलगी सांगायची.

“माझं तिकीट लवकरचं करून दे बापा,” सिंधुबाई एका संध्याकाळी म्हणाल्या. “इथं काय भिंती पाहत बसू?”

इंद्रजितला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी त्याने कौन्सिलला फोन केला. कौन्सिल म्हणालं, पायवाट आमची, पाणी आमचं नाही. पाण्याची कंपनी म्हणाली, पाइपमध्ये असेपर्यंत पाणी आमचं. बाहेर पडलं की ते सज्ञान होतं. वसाहत बांधणारी कंपनी काहीच म्हणाली नाही, कारण शेवटचं घर विकल्यावर ती अस्तित्वात राहिली नव्हती. अखेर कौन्सिलच्या हेलनबाईंनी मार्ग सांगितला. रहिवाशांनी ‘तलाव व्यवस्थापन क्षेत्र’ स्थापन करावं. क्षेत्रातल्या दोन तृतीयांश घरमालकांचा पाठिंबा मिळाला, की तलाव त्यांचा.

पहिली सभा कम्युनिटी हॉलमध्ये झाली. इंद्रजित लॅपटॉप घेऊन आला होता, म्हणून त्यालाच निमंत्रक नेमण्यात आलं. क्षेत्रात कोणाला घ्यायचं, असा प्रश्न निघाला. ‘ज्यांच्या घरातून तलाव दिसतो त्यांना,’ असं ठरलं आणि हॉलमध्ये एकच झुंबड उडाली. तलावाकाठचं घर म्हटलं की घराचा मान वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“माझ्या बाथरूममधून दिसतो,” मधुमती म्हणाली. ती मूळची पुण्याची, लंडनच्या एका बँकेत कामाला. “टबच्या काठावर उभं राहिलं की अगदी क्लिअर!”

“आमच्याकडून हिवाळ्यात दिसतो, पानं गळल्यावर,” ब्रायन म्हणाला. तो निवृत्त विमा अधिकारी होता आणि कोणत्याही सभेचा अध्यक्ष आपोआप होत असे. क्षेत्राची हद्द वाढत वाढत मोठ्या चौकातल्या राउंडअबाउटपर्यंत गेली. लोक बिस्किटं खाऊन आनंदाने घरी गेले.

दुसऱ्या सभेत हेलनबाईंनी उरलेला नियम वाचून दाखवला. क्षेत्रातल्या प्रत्येक घराला दरवर्षी वर्गणी, आणि महिन्यातला एक शनिवार शेवाळ काढायला.

त्या दिवशी बिस्किटं तशीच उरली.

त्या आठवड्यापासून विलोमीअरची दृष्टी अधू होत गेली. तलाव दिसत नसल्याच्या ई-मेल येऊ लागल्या. कोणी काचांना धुरकट फिल्म लावली, कोणी परसात झपाट्याने वाढणारी झुडपं लावली. मधुमतीने घरावरची ‘लेक व्ह्यू’ ही पाटी करवतीने कापून नुसती ‘व्ह्यू’ ठेवली.

“अगं, पण टबवरून दिसायचा ना?” इंद्रजितने तिला विचारलं.

“तू मला या वयात टबवर चढायला सांगतोयस? हेल्थ अँड सेफ्टी म्हणून काही आहे की नाही?”

वाद मिटवायला ‘दृश्यता उपसमिती’ नेमली गेली. तलाव बसून, चष्म्याशिवाय दिसला तरच तो दिसला असं मानावं, अशी ब्रायनची सूचना एकमताने मंजूर झाली. एवढं करूनही बारा घरांना तलाव दिसतच राहिला. ती अगदी काठावर होती; त्यांत इंद्रजितचं, मॉरीनचं आणि झाडांआडचं ब्रायनचंही होतं. त्यांना इलाज नव्हता.

मतदान गुप्त आणि टपालाने होणार होतं. इंद्रजित आईला घेऊन घरोघरी फिरला. सिंधुबाई दारात उभ्या राहून हात जोडत आणि पाठ केलेलं म्हणत, “लेक गुड. यू यस?” त्यांना नाही म्हणण्याची कोणाचीच छाती झाली नाही. बाराही घरांनी यस म्हटलं. सिंधुबाईंनी तिकिटाची गोष्ट काढायचं बंद केलं.

मतपत्रिका आली त्या दिवशी इंद्रजितची बायको धम्मशीला भाजी चिरता चिरता म्हणाली, “तुझं ब्रिस्टलच्या नोकरीचं फायनल होतंय ना? मग घर विकताना ही वर्गणी गळ्यात असलेलं गिऱ्हाइकाला चालेल?”

“बाकीचे देतीलच की मत,” इंद्रजित म्हणाला.

“तेच म्हणतेय मी. बाकीचे देतील.”

त्याने थोडा वेळ पेन हातात धरून ठेवलं. मग चौकोनात फुली मारली आणि पाकीट आईला न दाखवता चिकटवलं.

निकाल लागला. विरोधात अकरा, बाजूने एक.

संध्याकाळभर लोक सिंधुबाईंना भेटायला येत राहिले; काय म्हणतात ते इंद्रजित मराठीत सांगत होता. ब्रायन हळहळला, “लोकांना सार्वजनिक कामाची जाणीवच नाही हो. ते एक मत माझं.” पलीकडचे डॉक्टर म्हणाले, माझं. कोपऱ्यावरचं जोडपं म्हणालं, आमचं. सगळे गेल्यावर इंद्रजित आईशेजारी बसला.

“आई, वाईट वाटून घेऊ नकोस. ते एक मत आपलंच होतं.”

सिंधुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “पण मॉरीननं तर माझ्यासमोरच ‘यस’वर खूण केली. मला बोटानं विचारून, इथं करू का म्हणून.”

सिंधुबाई उठल्या आणि त्यांनी त्याचं ताट वाढलं.

हल्ली सकाळी त्या आणि मॉरीन सुपरमार्केटमध्ये फिरतात, डबाबंद मटारांपासून साबणापर्यंत आणि परत. तलाव अजून हिरवाच आहे. त्याच्याविषयी विलोमीअरमध्ये कोणालाही विचारा, प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगेल की मत आपण बाजूनेच दिलं होतं.

वाचकहो, तुम्ही तिथे असता तर बाजूनेच मत दिलं असतं, हे तुम्ही सांगण्याची गरज नाही. तुमचंही नाव आम्ही त्यांच्यातच धरलं आहे.